साचाखात्याचे दार आणि युनियनचा हिशेब

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास आजवर दोन तऱ्हांनी सांगितला गेला. पहिली तऱ्हा लाल बावट्याची. तिच्यात कामगार म्हणजे एक अखंड वर्ग. त्याला जात नाही, गाव नाही, बायको नाही. दुसरी तऱ्हा मालकांची आणि त्यांच्या अर्थपंडितांची. तिच्यात युनियनने मजुरी वाढवली, मजुरीने गिरण्या बुडवल्या आणि कामगार आपल्याच हाताने देशोधडीला लागला. या दोन्ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. दोन्हींत आपल्या माणसाला कुठे जागा आहे ते मला सापडले नाही.

म्हणून या लेखात मी एक साधा हिशेब मांडणार आहे. युनियनने काय मिळवले, ते कोणाच्या पदरात पडले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि मालकाने त्यावर कोणता डाव टाकला? मुंबईच्या कापड गिरण्या मी उदाहरणादाखल घेतो. कोकण, सातारा, नगर भागांतून गावकी आणि वतन यांना कंटाळलेली आपली हजारो माणसे ज्या पहिल्या कारखान्यांत शिरली, ते हेच कारखाने होत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली. १८७५ साली गिरणीमालकांनी आपली संघटना उभारली. कामगारांची पहिली संघटना त्यानंतर सुमारे दशकाने आली. मालक आधी संघटित झाले, हा क्रम विसरू नये. कामगारांच्या त्या पहिल्या संघटनेचे जनक नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक होते, जोतीरावांच्या मुशीत घडलेले होते. १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या खटपटीने. लोखंड्यांच्या संघटनेला आजच्या अर्थाने वर्गणी नव्हती, सभासदांची पक्की वही नव्हती. तरीही आठवड्यातला एक दिवस तिने मालकाकडून काढून घेतला.

युनियन नसताना मजुरी कशी ठरत होती? गिरणीच्या फाटकावर पहाटे माणसे उभी राहत. आत कोणाला घ्यायचे ते जॉबर ठरवी. जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आधी बघे, दस्तुरी घेई, कित्येकदा व्याजाने पैसेही तोच देई. कामगाराजवळ विकायला फक्त दिवस होता, आणि आजचा दिवस आज विकला नाही तर तो उद्या विकता येत नव्हता. मालकाजवळ मात्र वखारीत सूत होते, पेढीवर पत होती. तो थांबू शकत होता. ज्याला थांबता येत नाही त्याला भाव करता येत नाही. युनियनचे सारे अर्थशास्त्र या एका वाक्यात आहे. ती कामगाराला थोडे दिवस थांबण्याची ताकद देते. पण थांबण्याची ताकद सगळ्यांची सारखी असते काय?

आता साचाखात्याकडे वळू. गिरणीत विणाईच्या खात्याला साचाखाते म्हणत. सर्वांत बरा पगार तिथे होता. १९२० च्या दशकात दोन साचे चालवणाऱ्या विणकराची महिन्याची कमाई रिंग खात्यातल्या कामगाराच्या जवळपास दुप्पट पडे. या खात्यात अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. कारण असे : धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढावे लागे, आणि विणकर ते तोंडाने ओढी. ज्या धोट्याला महाराचे ओठ लागले त्याला मराठ्याने ओठ कसे लावायचे? एवढ्या एका भोकापायी पिढ्यान्‌पिढ्यांचा निम्मा पगार आपण गमावला. आपली माणसे रिंग खात्यात, कापूस पिंजायच्या धुळीत, झाडलोटीत राहिली. धोट्याला विटाळ होतो ही समजूत धर्माची खरी. पण तिचा परिणाम रोकड होता. सवर्ण विणकराशी स्पर्धा करणारे हात त्या समजुतीने बाहेर ठेवले, आणि बाहेरचे हात जितके कमी तितका आतल्या हातांचा भाव टिकतो. जात ही देखील एक युनियनच होती म्हणा ना! फक्त तिला वर्गणी नव्हती आणि तिचा संप कधी फुटत नव्हता.

१९२८ चा संप याच पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. जपानी कापडाच्या आणि अहमदाबादच्या स्पर्धेचे कारण सांगून मालकांनी काम वाढवण्याची योजना आणली. विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत, रिंग खात्यातल्या माणसाने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात. एप्रिल ते ऑक्टोबर असा जवळपास सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. याच संपात गिरणी कामगार युनियन जन्मली, आणि वर्ष संपायच्या आत तिची सभासदसंख्या ५० हजारांवर गेली. देशाच्या कामगार चळवळीतले हे मोठे पर्व आहे, आणि ते नाकारण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

पण बाबासाहेबांनी तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारला. अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत, साचाखात्यातही, काम मिळाले पाहिजे ही मागणी तुमच्या यादीत आहे काय? नसेल तर आमच्या माणसांनी कोणासाठी उपाशी राहायचे? चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे की, पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांपुढे ती मांडली तेव्हा मालकांनी उलट टोला दिला, की हा अन्याय असेलच तर त्याला आम्ही जबाबदार नाही. या उत्तरात मालकांची लबाडी आहे, कारण फाटक त्यांचे होते आणि हजेरीपटही त्यांचा होता. पण त्यात एक कडू सत्यही आहे. साचाखात्याच्या दारावर पहारा कामगारच देत होते.

या मागणीचे आर्थिक महत्त्व आकड्यांनी समजून घ्यावे. समजा विणकराला ४० रुपये मिळतात आणि रिंगवाल्याला २०. युनियनने लढून शेकडा १० ची वाढ मिळवली तर विणकराला ४ रुपये मिळतील, रिंगवाल्याला २. संपात दोघेही सारखेच उपाशी राहिले. दोघांच्या पोरांना वाण्याने उधारी सारखीच नाकारली. फळ मात्र दुप्पट आणि निम्मे. जोवर खात्याचे दार बंद आहे, तोवर टक्क्याने मिळणारी प्रत्येक वाढ जातीमधले अंतर रुपयांत वाढवत नेते. युनियन प्रामाणिक असली तरी हे असेच होणार. यात कोणा पुढाऱ्याच्या मनाचा दोष काढण्याचे कारण नाही. दोष मांडणीतच आहे.

आणि उपास तरी सारखा होता काय? संप लांबला की कोकणातला कुणबी, घाटावरचा मराठा आपल्या गावी जाई. तुकडाभर का होईना त्याचे शेत असे, घरात नाचणी नाही तर बाजरी असे. आमचा माणूस गावी जाऊन कोणाच्या शेतात उभा राहणार? त्याच्या वाट्याला वतनाची तुटपुंजी जमीन आणि येसकरीची भाकर. म्हणजे ज्या गुलामीतून तो पळाला तिच्याच दारात परत. त्याच्यासाठी संपाची किंमत जास्त होती आणि फळ कमी. १९२९ साली दुसरा संप पुकारला गेला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. पहिल्या संपाच्या कर्जातून लोक वर आले नव्हते. त्या विरोधाबद्दल त्यांच्यावर संपफोडेपणाचा शिक्का मारण्यात आला आणि पुष्कळ मार्क्सवादी मंडळी तो पुढेही मारीत राहिली. पोटाचा हिशेब दोघांचा वेगळा होता, एवढे साधे अर्थशास्त्र त्या पंडितांना दिसले नाही.

बाबासाहेब युनियनच्या तत्त्वाविरुद्ध होते, हा तर शुद्ध अपप्रचार आहे. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, आणि रेल्वेतही आपला माणूस गँगमन म्हणूनच का जन्म काढतो हा प्रश्न विचारला. त्याच वर्षी मुंबई सरकारने संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे बिल आणले, तेव्हा संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, असे कायदेमंडळात त्यांनी ठणकावले. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी भांडले त्यांच्याशी हातमिळवणी केली, कारण यावेळी हक्क सर्वांचा होता. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे असताना १९४३ साली त्यांनी युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे बिल मांडले. कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. कामाचे तास कमी झाले की तो लाभ झाडूवाल्यापासून विणकरापर्यंत सर्वांना सारखा मिळतो. त्यांना कोणत्या मागण्या जवळच्या वाटत, ते यावरून कळते.

युनियनच्या जमेच्या बाजूला काय पडले तेही मोकळ्या मनाने लिहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात महागाई भत्ता सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांत तो सर्व कामगारांना सारख्या दराने मिळे आणि महागाईच्या आकड्याबरोबर चढे. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने कापड गिरण्यांतले पगार एका मापात आले, आणि तळाच्या कामगाराला ३० रुपये मूळ पगार ठरला. त्यापूर्वी प्रत्येक गिरणीचा दर निराळा होता. पुढे भत्ता मूळ पगाराहून मोठा झाला, तेव्हा खालच्या आणि वरच्या कामगारातले अंतर आपोआप आटले. वर टक्क्याचा हिशेब दिला तो पुन्हा आठवावा. विणकराला आणि रिंगवाल्याला प्रत्येकी ३० रुपये भत्ता मिळाला, तर एकाचे ७० होतात, दुसऱ्याचे ५०. दुपटीचे अंतर दीडपटीच्याही खाली येते. सारख्या दराच्या त्या एका कलमाने समतेचे जेवढे काम केले तेवढे शंभर भाषणांनी झाले नसेल.

माझे चुलते परळच्या एका गिरणीत तीस वर्षे रिंग खात्यात होते. त्यांना फंड मिळाला, दिवाळीला बोनस मिळाला, अपघातात बोट गेले त्याची भरपाई मिळाली. गावी त्यांच्या वडिलांना बलुत्यासाठी हात पसरावा लागे. मुंबईत पगाराच्या दिवशी ते खिडकीपुढे रांगेत उभे राहत आणि सही करून पैसे घेत. भीक आणि पगार यांतला फरक ज्याने भोगला आहे त्याला युनियनची किंमत कळते. आमच्या घरातली पहिली मॅट्रिक त्या पगारातून झाली. तेव्हा युनियनने काही दिले नाही असे म्हणण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही.

परंतु जसजसे आतल्या जागेचे मोल वाढले, तसतसे मालक कुंपण जवळ ओढू लागला. पगार, फंड, बोनस हे सारे कायम कामगाराचे. मग कायम माणसे कमी ठेवायची आणि बदली वाढवायचे. बदली कामगार रोज फाटकावर येई. कोणाचा खाडा असेल तर त्याला काम, नाही तर परत. वर्षानुवर्षे माणसे बदली म्हणूनच राहिली. माझा चुलतभाऊ त्यांतलाच एक. बाया तर त्याआधीच कुंपणाबाहेर गेल्या होत्या. १९२० च्या दशकात गिरण्यांत दर पाच कामगारांत सुमारे एक बाई होती. बाळंतपणाचा कायदा आला, रात्रपाळीची बंदी आली, वाइंडिंग खात्यात नवी यंत्रे आली. मालकाला बाई महाग वाटू लागली आणि त्याने तिची जागा भरणेच सोडले. पुरुषाला घरखर्चाचा पगार मिळाला की झाले, असे बहुतेक युनियननाही वाटत होते. हक्क मिळाला, पण तो भोगायला माणूसच शिल्लक राहिले नाही.

१९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने यावर कडी केली. एका शहरातल्या एका धंद्यात वाटाघाटीचा अधिकार एकाच प्रातिनिधिक युनियनला. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि त्याच्याकडेच राहिला. मालकाच्या दृष्टीने ही सोय होती, कारण एकाच टेबलावर सारा करार होई आणि उत्पादन अखंड चाले. कामगाराच्या दृष्टीने युनियन निवडण्याचा हक्कच गेला. ज्या युनियनला सभासद गमावण्याची भीती नाही ती बदली कामगाराकडे कशाला बघेल?

आता मालकांच्या आरोपाकडे येतो. युनियनने गिरण्या बुडवल्या काय? इतिहास पाहा. १९२५ साली मालकांनी साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. कामगार संपावर गेले. सरकारने कापडावरची साडेतीन टक्क्यांची जकात स्थगित केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. १८९६ पासून मालक ज्या जकातीविरुद्ध अर्ज करीत होते, ती अखेर कामगारांच्या उपासाने हलली! संपाचा फायदा मालकालाही होतो, हे सांगायला कोणी अर्थपंडित पुढे आला नाही. १९४७ नंतर सर्व गिरण्यांत एक दर झाला, तेव्हा पगार कापून स्पर्धा करण्याची वाट बंद झाली. उरली ती नवी यंत्रे आणि चांगला कारभार यांची वाट. काही गिरण्यांनी ती धरली. पुष्कळांनी जुनेच साचे खडखडवत ठेवले आणि नफा दुसऱ्या धंद्यांत नेला. त्यातच १९५६ पासून सरकारने गिरण्यांचे साचे वाढवण्यावर बंदी घातली. ते कापड विणायला भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग पुढे आले. तिथे बारा तासांची पाळी, उक्त्यावर मजुरी, हजेरीपट नाही, फंड नाही. मजुरी वाढल्याने काम हलले, हे अंशतः खरे आहे. पण ते हलू शकले ते दुसरीकडे कायदा आंधळा ठेवला म्हणून. भिवंडीच्या मागावर मुंबईइतकाच पगार आणि तेवढेच तास बंधनकारक असते, तर काम हलवून मालकाला काय मिळाले असते?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीबरोबर दोन मागण्या माझ्या विषयाच्या दृष्टीने मोलाच्या होत्या. बदली कामगारांना कायम करा आणि औद्योगिक संबंध कायदा रद्द करा. म्हणजे कुंपणाबाहेरच्यांचा प्रश्न प्रथमच इतक्या मोठ्या लढ्याच्या अग्रभागी आला. पण यावेळी थांबण्याची ताकद मालकाकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त होती. सूत यंत्रमागावर जात होते, तिथून येणाऱ्या कापडावर गिरणीचा शिक्का बसत होता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली. १९८३ साली सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, त्यांचीही पुढे तीच गत झाली. ज्यांची शेते होती ते शेतांवर गेले. आमच्या वस्तीतली माणसे हातगाडीवर, वॉचमनकीवर, गटाराच्या कंत्राटावर गेली. १९२८ चा हिशेब १९८२ साली पुन्हा तसाच लागला.

मग पाळी आली जमिनीची. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांत गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा पालिकेला, एक म्हाडाला आणि एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम केली. गिरणी चालवण्यापेक्षा बंद पाडणे किफायतशीर ठरले. युनियनने धंदा बुडवला म्हणणाऱ्यांनी हे जमाखर्चाचे पान आधी उघडावे.

मग आपण युनियन सोडून द्यावी काय? मुळीच नाही. उत्तर याच मुंबईत सापडते. महानगरपालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांत बहुसंख्य आपली माणसे. वीस माणसांच्या खालचे कंत्राट दाखवले की १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू होत नसे, म्हणून छोटी छोटी कंत्राटे करून हजारोंना कायद्याबाहेर ठेवण्याची युक्ती चालत होती. त्यांच्यात कचरा वाहतूक श्रमिक संघ उभा राहिला. २०१४ साली औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० सफाई कामगारांना पालिकेचे कायम कामगार ठरवले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. काम तेच, झाडू तोच, रस्ता तोच. पण कायम झालेल्या माणसाचा पगार, रजा, फंड, पेन्शन सारे बदलले. ही युनियन कुंपणाबाहेरच्यांपासूनच सुरू झाली, म्हणून तिचे फळ तळापासून वर गेले. माझ्या मते गेल्या काही दशकांतल्या कामगार इतिहासातली ही सर्वांत शिकण्याजोगी घटना आहे.

२०२० साली संसदेने औद्योगिक संबंध संहिता संमत केली. एकाहून अधिक युनियन असतील तर ५१ टक्के सभासद असलेलीला वाटाघाटीचा एकट्याचा अधिकार तिने दिला आणि संपासाठी १४ दिवसांच्या नोटिशीची अट घातली. हे ५१ टक्के मोजायचे कोणाचे? हजेरीपटावर असलेल्यांचे. मुख्य मालकाच्या पटावर जो नाही, ज्याचे नाव कंत्राटदाराच्या वहीत आहे, तो या मोजणीत कुठे बसतो? धोट्याचे भोक गेले, पण दार शिल्लक आहे. आता ते हजेरीपटात आहे.

म्हणून आपल्या तरुण कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. कोणत्याही युनियनचा बावटा हाती घेण्याआधी तिच्या मागण्यांची यादी शेवटच्या कलमापासून वाचावी. आपली माणसे त्या शेवटच्या कलमात असतात, आणि वाटाघाटीत सर्वांत आधी सोडून दिले जाते तेही शेवटचेच कलम. त्या कलमात झाडूवाला, बदली, कंत्राटी, बाई यांची नावे आहेत काय? वाढ टक्क्याने मागितली आहे की सर्वांना सारख्या रुपयांनी? संप लांबला तर ज्याला शेत नाही त्याच्या चुलीची तरतूद आहे काय? हे तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तर मिळाल्याशिवाय वर्गणीची पावती फाडू नये.

१९२८ साली बाबासाहेबांनी विचारलेला प्रश्न अजून शिळा झालेला नाही. तो प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर नव्याने विचारला पाहिजे.